नाशिकमध्ये पदवीनंतरची पहिली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई झालेल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सगळं वाचायची गरज नाही, पण प्रश्न ८, १० आणि ११ सहीच्या आधी वाचाच.

१. निकाल लागला. आता सुरुवात नेमकी कुठून करू?

कागदांपासून. दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं हे एका फाइलमध्ये आणि मोबाइलवर स्कॅन करून ठेवा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, ते त्याच दिवशी तपासा (नसेल तर प्रश्न १३). मग राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅट्स (पदवीधरांच्या अप्रेंटिसशिपची योजना, प्रश्न ६) पोर्टलवर नोंदणी करा. दोन्ही फुकट आहेत. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे महास्वयम् वर जाहीर होतात, त्यामुळे नोंदणी केली की तेही दिसू लागतात.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये निकालानंतरही एकदा जाऊन या. पास होऊन बाहेर पडलेल्यांची चौकशी कंपन्या तिथेच करतात आणि तुमचा जुना नंबर बंद असेल तर तुम्हाला ते कधीच कळत नाही.

२. नाशिकमध्ये नोकऱ्या आहेत का? सगळे तर पुण्यालाच जातात.

आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जाहिरातीत दिसत नाहीत. सातपूर आणि अंबड या शहरातल्या दोन जुन्या औद्योगिक वसाहती. बाहेर सिन्नर, मुंबईच्या रस्त्यावर गोंदे आणि वाडीवऱ्हे, दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीचा पट्टा, ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल. गाड्यांचे सुटे भाग, इलेक्ट्रिकल स्विचगिअर, औषधं, टायर, अन्नप्रक्रिया, वाइन असा सगळा पसारा आहे.

महिंद्रा, बॉश, सीएट, सीमेन्स ही नावं सगळ्यांना पाठ असतात आणि सगळे त्यांच्याच गेटवर जातात. माझं ठाम मत आहे की नाशिकमधल्या बहुतेकांसाठी पहिली नोकरी त्यांच्या व्हेंडरकडे, म्हणजे त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपनीकडे आहे. तीस-चाळीस माणसांचं जॉबवर्क करणारं युनिट, पत्र्याची शेड, बाहेर छोटी पाटी. अशा ठिकाणी नवा इंजिनीअर सकाळी क्वालिटी बघतो, दुपारी डिस्पॅचला उभा राहतो आणि संध्याकाळी ग्राहकाच्या तक्रारीचं उत्तर लिहितो. मोठ्या कंपनीत त्याला पहिलं वर्षभर एकच काम मिळालं असतं. पगार थोडा कमी असतो हे खरं, पण दीड वर्षानंतर मुलाखतीत बोलायला त्याच्याकडे भरपूर असतं.

पुण्याला जायला हरकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिथे नाशिकपेक्षा कितीतरी जास्त जागा आहेत. मात्र ऑफर हातात नसताना तिथे खोली घेऊन राहायचं असेल, तर डिपॉझिट, भाडं आणि मेस धरून किती महिने टिकाल याचा हिशेब आधी घरी बसून करा.

३. माझं बीई नाही. बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांना काय आहे?

बीकॉमसाठी सगळ्यात चांगली शाळा म्हणजे सीएचं ऑफिस. कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, कॉलेज रोडच्या इमारतींमध्ये पाट्या वाचत फिरलात तरी दहा-बारा सापडतील. सुरुवातीचा पगार कमी असतो, कधी फारच कमी. पण दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या जीएसटी रिटर्नची धावपळ, टीडीएस, ऑडिट हे वर्षभर हाताखालून गेलं की सातपूर-अंबडच्या कुठल्याही युनिटला तुम्ही हवे असता. नुसता टॅलीचा कोर्स केलेला आणि खरी बिलं नोंदवलेला यांतला फरक मालकाला पाच मिनिटांत कळतो.

बीएस्सी केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांना औषध कंपन्या, अन्नप्रक्रिया आणि वायनरीच्या लॅबमध्ये जागा असतात. वायनरीत आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते मार्च कामाचा जोर असतो, तेव्हा जादा माणसं लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जाऊन भेटा. हंगामी काम म्हणून नाक मुरडू नका, चांगलं काम करणाऱ्याला पुढच्या हंगामात किंवा त्याच लॅबमध्ये आधी विचारलं जातं.

बीएवाल्यांना वाटतं आपल्याला काहीच नाही. बीपीओ, हॉस्पिटलची ॲडमिशन आणि विमा डेस्क, खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या, शाळांची कार्यालयं, सामाजिक संस्था इथे पदवीचा विषय फारसा बघत नाहीत. बोलणं, लिहिणं, एक्सेल आणि वेळेवर येणं बघतात. मराठीत नीट पत्र लिहिता येणं आणि इंग्रजी ईमेल समजणं या दोन गोष्टी एकाच माणसात मिळणं अवघड झालं आहे. तुमच्यात असतील तर बायोडेटात वरच लिहा.

४. एमआयडीसीत गेटवर बायोडेटा दिला तर कुणी बघतं का?

मोठ्या कंपनीत सहसा नाही. वॉचमन घेतो, रजिस्टरमध्ये नोंदवतो, संपलं. तिथे त्यांच्या वेबसाइटवर अर्ज करणं बरं. छोट्या आणि मध्यम युनिटमध्ये मात्र बघतात, कारण तिथे एचआर म्हणजे बऱ्याचदा मालक किंवा अकाउंटंट असतो. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जा. शिफ्ट बदलायच्या वेळी आणि महिनाअखेरीला जाऊ नका, त्या दिवसांत डिस्पॅचमुळे कुणाला मान वर करायला सवड नसते.

जाण्याआधी ते युनिट काय बनवतं हे माहीत असू द्या. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांच्या सभासद कंपन्यांची नावं आणि औद्योगिक प्रदर्शनं ही यादी करायला उपयोगी पडतात. प्रदर्शनात तर मालक स्वतः स्टॉलवर उभे असतात. तिथली दोन मिनिटं पन्नास ऑनलाइन अर्जांपेक्षा जास्त कामाची.

५. अनुभव नाही, मग बायोडेटात लिहू काय?

एक पान पुरे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चार ओळींत, त्यात तुम्ही स्वतः काय केलं ते. गटातल्या बाकीच्यांनी केलेलं लिहू नका, पहिल्याच उपप्रश्नाला उघडं पडतं. वडिलांच्या दुकानाचा हिशेब, द्राक्षबागेच्या मजुरांची हजेरी, गणेश मंडळाचा जमाखर्च, शिकवण्या हाही अनुभवच आहे. आकड्यांसकट लिहा.

मेकॅनिकलवाल्यांनी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर वाचता येतं, ड्रॉइंग समजतं असं लिहिलं असेल तर ते येतंच असलं पाहिजे. व्हेंडर कंपनीत मुलाखत बऱ्याचदा तिथून सुरू होते, टेबलावर एक पार्ट ठेवतात आणि माप घ्यायला सांगतात.

६. अप्रेंटिस, ट्रेनी, मुख्यमंत्री योजना, कंत्राटी: यांत फरक काय?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या अप्रेंटिसेस ॲक्टखाली करार करून शिकायला घेतलेला. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी नॅट्स ही केंद्राची योजना आहे, किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा सरकार उचलतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. पीएफ कापला जात नाही, कारण कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार नसता. एक अट लक्षात ठेवा: वर्षभर किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असेल किंवा आधी एकदा अप्रेंटिसशिप झाली असेल तर नॅट्स मिळत नाही. म्हणजे हा पर्याय सुरुवातीलाच वापरायचा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्य सरकारने २०२४ मध्ये आणली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, महास्वयम् वर नोंदणी. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन थेट आधार जोडलेल्या खात्यात, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, बारावीला ६,०००. सध्या कुठे जागा खुल्या आहेत ते पोर्टलवर बघूनच ठरवा. ही नोकरी नाही, कार्यप्रशिक्षण आहे, हे मनाशी पक्कं असू द्या.

ट्रेनी हा कंपनीने दिलेला हुद्दा आहे. त्याचा अर्थ तुमच्या पत्रावर काय लिहिलंय त्यावरून ठरतो: किती महिने, किती पगार, नंतर कायम करण्याबद्दल काय. तोंडी 'सहा महिन्यांनी बघू' याला काही किंमत नाही.

कंत्राटी म्हणजे काम एका कंपनीत, पण पगार कॉन्ट्रॅक्टरकडून. याला सरसकट वाईट म्हणणार नाही. पण पत्रावर कुणाचं नाव आहे, पीएफ कोण भरतो हे आधी विचारा आणि पहिल्या पगारानंतर पीएफ पासबुक उघडून बघा. कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल तर लगेच विचारा, वर्षभर थांबू नका.

७. अप्रेंटिसशिप संपली की कंपनी कायम करते ना?

करारात तसं लिहिलं असेल तरच. एरवी कायद्याने कंपनी बांधलेली नाही. वर्ष संपायच्या तीन महिने आधीपासून बाहेर अर्ज सुरू करा. त्या वर्षात काय शिकलात याची वही ठेवली असेल तर दुसरीकडे मुलाखतीत तीच कामाला येते.

८. पॅकेज २ लाख ४० हजार सांगितलं. हातात महिना २०,००० येतील?

नाही, साधारण १६,२०० येतील. हिशेब असा. महिन्याचे २०,००० ही कंपनीला तुमच्यावर येणारी किंमत आहे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद आणि ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, ३.२५ टक्के वाटा धरलेला असतो. मूळ पगार १०,००० धरला तर पीएफचे १,२०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ४८० बाजूला जातात. ईएसआय वजा करून एकूण पगार उरतो सुमारे १७,७४०. त्यातून तुमचा पीएफ १,२००, तुमचा ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे सुमारे १३३, व्यवसाय कर २००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, त्यामुळे मुलीच्या हातात त्याच पॅकेजमध्ये २०० रुपये जास्त येतील.

वार्षिक बोनस किंवा इन्सेंटिव्हही पॅकेजमध्ये धरला असेल तर महिन्याचा आकडा आणखी खाली येतो. म्हणून एकच प्रश्न विचारा: 'सर, दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?' यात लाजण्यासारखं काही नाही.

कापलेले पैसे वाया जात नाहीत. पीएफ तुमचाच आहे. ईएसआय महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू आहे आणि त्यावर तुमच्यासोबत अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होऊ शकतात. कार्ड काढून ठेवा, बरेच जण ते काढतच नाहीत.

९. 'एक्स्पेक्टेड सॅलरी' विचारली तर किती सांगू?

त्याच कंपनीत किंवा त्याच रस्त्यावरच्या युनिटमध्ये गेल्या वर्षी लागलेल्या सीनिअरला विचारा आणि त्याच्या आसपासचा आकडा सांगा. 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. येण्याजाण्याचा खर्च धरा: इंदिरानगरहून अंबडला जाणं आणि पंचवटीहून सिन्नरला जाणं यांत महिन्याला चांगलाच फरक पडतो. कंपनीची बस आणि कँटीन असेल तर थोडा कमी पगारही परवडतो.

१०. एक जण म्हणतो, पैसे दिले तर प्रेसमध्ये किंवा एचएएलमध्ये लावून देतो. खरं असेल का?

खोटं आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस या दोन्ही भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमच्या अखत्यारीत येतात. तिथली भरती त्यांच्या वेबसाइटवर जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन होते. एचएएलचीही तशीच. 'आतला माणूस आहे', 'कोटा शिल्लक आहे', 'अर्धे आता, अर्धे ऑर्डर आल्यावर' ही वाक्यं ऐकली की उठून या. पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण असे लोक मुलाला सोडून वडिलांना गाठतात आणि ओळखीतल्याच कुणाच्या तरी तोंडून येतात.

खासगीतही तेच. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे आधी मागणारी नोकरी नोकरी नसते. खरी कंपनी तिच्या स्वतःच्या डोमेनच्या ईमेलवरून पत्र पाठवते. शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे फोन करा, पत्रावरच्या नंबरला नको. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.

११. कंपनी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेते आणि दोन वर्षांचा बॉण्ड मागते. सही करू का?

मूळ कागद देऊ नका. दाखवा, पडताळू द्या, स्वसाक्षांकित प्रती द्या. 'सगळ्यांचेच ठेवतो' असं म्हणाले तरी नको. मूळ मार्कशीट अडकली की पुढची मुलाखत, पुढचं शिक्षण, सरकारी परीक्षेची कागदपत्र पडताळणी, सगळंच अडतं.

बॉण्ड म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याचा करार. त्याचं उत्तर इतकं सोपं नाही. 'बॉण्ड कोर्टात टिकतच नाही' असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. दुसरीकडे, भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते, मनाला येईल ती रक्कम नाही. कंपनीने तुमच्यावर खरंच खर्च केला का, रक्कम तुमच्या पगाराच्या मानाने किती आहे, हे बघितलं जातं. म्हणून सहीआधी तीन गोष्टी वाचा: मुदत, रक्कम आणि कोणतं प्रशिक्षण मिळणार. १५,००० पगाराला दोन लाखांचा बॉण्ड आणि प्रशिक्षण काहीच नाही, अशा ठिकाणी मी तरी सही करू नका असंच सांगेन. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प पेपर तर कधीच नाही.

१२. निवड झाली म्हणाले, पण नियुक्तीपत्र देत नाहीत. कामाला तर लागलोय.

ऑफर लेटर आणि नियुक्तीपत्र वेगळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. लहान युनिटमध्ये मालकाला अनेकदा हे माहीत नसतं. भांडण न करता एक ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवा: अमुक तारखेपासून अमुक पगारावर रुजू झालो आहे, पत्र मिळावं. तो संदेशही पुरावा असतो. पगार रोख घेऊ नका, खात्यात मागा. पुढच्या कंपनीला अनुभव दाखवायला बँकेचं स्टेटमेंट लागतं.

उलट बाजू, म्हणजे ऑफर लेटर आहे पण रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जातेय: थांबून राहू नका, दुसरी नोकरी धरा. ती तारीख आलीच तर तेव्हा ठरवता येईल.

१३. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. अडचण येईल का?

नुसता क्रम उलटा असेल तर बहुतेक खासगी कंपन्या अडवत नाहीत. स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांचं नाव एका कागदावर नसेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल तर पीएफ खात्यात अडकतं, कारण तिथे आधारप्रमाणे नाव, जन्मतारीख जुळावी लागते. आधार आणि पॅन एकमेकांशी आधी जुळवा. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. मार्कशीटवरची चूक विद्यापीठातूनच दुरुस्त होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा.

१४. एक विषय राहिलाय. किंवा मध्ये दोन वर्षांचा गॅप आहे. अर्ज करू?

करा, आणि खरं ते लिहा. 'शेवटच्या सत्राचा एक विषय बाकी, पुढच्या परीक्षेला बसणार' एवढी ओळ पुरते. पदवी पूर्ण असण्याची अट जाहिरातीत असेल तिथे नको. गॅपचं कारण घरचं आजारपण, शेती, परीक्षेची तयारी काहीही असो, एका वाक्यात सांगून पुढे जा. बनावट अनुभवपत्र विकत घेऊन गॅप भरू नका. पीएफच्या नोंदी तपासल्या की ते लगेच उघड होतं आणि मिळालेली नोकरी जाते.

१५. माझी पदवी मुक्त विद्यापीठाची आहे. चालते का?

चालते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी यूजीसीच्या नियमांनुसार नियमित पदवीशी समकक्ष आहे. एखादी खासगी कंपनी 'फुल टाइम'चीच अट घालते, तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. शिकता शिकता काम केलं असेल तर तो तुमचा अनुभव आहे, तो पदवीच्या वर लिहा.

१६. एमपीएससीची तयारी करतोय. नोकरी धरली तर अभ्यास बुडेल ना?

घरची परिस्थिती भक्कम असेल आणि तुम्ही पूर्वपरीक्षा एकदा तरी पास झाला असाल, तर एक ठरावीक मुदत घालून पूर्णवेळ अभ्यास करा. बाकीच्यांनी नोकरी धरावी असं मला मनापासून वाटतं. खुल्या गटाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयाची मर्यादा आहे, त्यामुळे 'अजून वेळ आहे' म्हणत अभ्यासिकेत वर्षं निघून जातात आणि तिशीत पहिली खासगी नोकरी शोधणं फार जड जातं. जनरल शिफ्टचं, घराजवळचं काम बघा, सकाळचे दोन तास आणि रविवार अभ्यासाला ठेवा.

१७. मुलीला सिन्नरच्या कंपनीत सेकंड शिफ्ट आहे. पाठवावं का?

हा प्रश्न आईवडील विचारतात, म्हणून त्यांनाच सांगते. कायद्याने संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी महिलेला कामाला लावायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, ने-आण करण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यामुळे विचारा: बस घरापासून किती लांब सोडते, शेवटच्या थांब्याला ती एकटी असते का, सोबत इतर मुली आहेत का. शक्य झालं तर आधीपासून त्या बसने येणाऱ्या एका मुलीशी बोला. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची माहिती भिंतीवर लावलेली असते. लहान युनिटसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ही उत्तरं समाधानकारक असतील तर पाठवा. निर्णय मात्र तिला घेऊ द्या.

१८. कुंभमेळ्यामुळे नोकऱ्या निघतील म्हणतात.

२०२७ च्या सिंहस्थासाठी बांधकाम, हॉटेल, वाहतूक, सुरक्षा, कार्यक्रम व्यवस्थापन यांत कामं निघतात, पण ती मुदतीची असतात. सिव्हिलच्या मुलांनी साइटचा अनुभव म्हणून जरूर घ्यावीत. 'मेळ्यानंतर महापालिकेत कायम करू' असं कुणी सांगितलं तर प्रश्न १० पुन्हा वाचा.

१९. दोनच महिन्यांत नोकरी सोडावीशी वाटतेय. पुढे ती लपवू का?

आधी कारण तपासा. पहिल्या दोन महिन्यांत काम जमत नाही, वरिष्ठ ओरडतात, पाय दुखतात, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं आणि बऱ्याचदा चौथ्या महिन्यापर्यंत निवळतं. पगारच मिळत नाही, असुरक्षित मशीनवर उभं करतात, शिवीगाळ होते, ही मात्र सोडायचीच कारणं.

सोडताना न सांगता गायब होऊ नका. नियुक्तीपत्रात नोटीसची मुदत बघा, लेखी राजीनामा द्या, त्याची पोच घ्या. नव्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर उरलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, ते मागा. पीएफ कापला असेल तर दोन महिन्यांची नोकरीही नोंदीत दिसते, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, तोच राहतो, नव्या कंपनीला तोच द्या, दुसरा काढू नका. मुलाखतीत 'शिफ्ट आणि प्रवास जमला नाही, नोटीस देऊन सोडली' एवढं सांगितलं की समोरचा पुढच्या प्रश्नाकडे वळतो.